पिशवी काढल्यावर देवघरात

“तुमच्या गर्भाशयाची भिंत सुजलेली आहे,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. “याला ॲडिनोमायोसिस म्हणतात. शिवाय एक फायब्रॉइडही आहे.”

मी पर्समधून पेन काढून दोन्ही शब्द सोनोग्राफीच्या पाकिटावर लिहून घेतले. एका शाळेच्या कार्यालयात मी लिपिक आहे. कोणी काही महत्त्वाचं बोललं की हात आपोआप लिहायला लागतो. लिहून झाल्यावर मी विचारलं, “म्हणजे काय?”

त्यांनी समजावलं. गर्भाशयाचं आतलं अस्तर दर महिन्याला पाळीतून बाहेर पडतं. ॲडिनोमायोसिसमध्ये ते अस्तर भिंतीच्या स्नायूतच शिरतं आणि तिथेही दर महिन्याला सुजतं. म्हणून एवढ्या कळा आणि एवढं रक्त. फायब्रॉइड म्हणजे गाठ. माझी लिंबाएवढी होती. कॅन्सर नाही हे बायोप्सीत कळलं होतं. बायोप्सी म्हणजे आतला छोटा तुकडा काढून तपासणं. सात महिने गोळ्या घेऊन झाल्या होत्या. हिमोग्लोबिन सहावर आलं होतं.

“आता हिस्टेरेक्टॉमी करावी असं माझं मत आहे,” मॅडम म्हणाल्या. “गर्भाशय काढून टाकायचं. तुम्हाला विचार करायला वेळ हवा तर घ्या.”

मी त्रेचाळीस वर्षांची होते. खरं सांगते, मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. रडू नंतर आलं, रिक्षात.

हे मी का लिहिते आहे ते आधी सांगते. आमच्याकडे या ऑपरेशनला ‘पिशवी काढणे’ म्हणतात. गावोगावी किती बायकांची पिशवी काढलेली असते. टाक्याबद्दल त्या बोलतात, कंबरदुखीबद्दल बोलतात. नवरा-बायकोत पुढे काय होतं ते कोणी सांगत नाही. मलाही कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या घरात जे घडलं ते तुमच्या घरात तसंच घडणार नाही. पण काहीतरी घडेल.

माझं माहेर मंगळवेढ्याकडचं, कोरडवाहू ज्वारीचं. वडील सही शिकले ते मी चौथीत असताना, माझ्याकडून. आमच्या घरात मी पहिली पदवीधर. कॉलेजला जायला एसटीचा पास काढून देणाऱ्या त्या बापाचे उपकार मी रोज आठवते. पण बी.ए. झाले म्हणून माझ्या शरीराविषयी मला काही कळत होतं असं नाही.

सासर सोलापूर शहरात. यजमान, सिद्राम, गाड्यांच्या डिझेल पंपाच्या दुरुस्तीचं काम करतात. मुलगी पल्लवी पुण्यात शिकते. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. सासरचं घराणं मूळचं वळसंगच्या पुढच्या एका खेड्यातलं, देवीच्या पूजेचं. देवळातली पूजा गावात चुलत दीर करतात. देवीचा चांदीचा टाक, म्हणजे मूर्ती उमटवलेला छोटा पत्रा, मात्र आमच्या घरी असतो. त्याला रोज ताज्या भाकरीचा आणि भाजीचा नैवेद्य लागतो.

हा नैवेद्य करणाऱ्या बाईची पाळी कायमची गेलेली असावी लागते, अशी आमच्या घरातली रीत. ती देवघरातच सोवळ्यात स्वयंपाक करते, तिथेच घोंगडीवर झोपते आणि नवऱ्याजवळ जात नाही. आत्यांनी ते बरीच वर्षं केलं होतं. त्यांच्या गुडघ्यांना आता खाली बसवत नव्हतं. माझी पाळी कधी जाते याची त्या वाट बघत होत्या, हे मला माहीत होतं. त्यात वाईट काही नव्हतं. पेन्शनची वाट बघावी तशी त्या वाट बघत होत्या.

पण माझी पाळी जायच्या ऐवजी महिन्यातले वीस दिवस मुक्कामाला आली. त्या वीस दिवसांत देवघराच्या उंबऱ्याला मी हात लावायचा नाही. पाणी आत्याच भरायच्या, पीठही त्याच मळायच्या. उठताना भिंतीला धरून “आई गं” म्हणायच्या. मी बाहेरच्या खोलीत बसून ऐकायचे. मला बसवायचं नाही. उठून कपडे वाळत घालायचे, मग वाळलेले पुन्हा झटकायचे.

आणि आमचं दोघांचं. लग्नानंतरची पंधरा-सोळा वर्षं आमचं चांगलं होतं. यजमान बोलत नाहीत फार, पण त्यांचा हात बोलतो असं मला वाटायचं. ऑपरेशनच्या तीन वर्षं आधी हे रक्त सुरू झालं आणि ते सगळं गेलं. कोरडे दिवस आले तरी मला भीती वाटायची, चादर खराब होईल, कळ येईल. मी कूस बदलायचे. दोन-तीनदा मी कूस बदलल्यावर त्यांनी हात पुढे करणंच सोडलं. मला हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं याचा रागही आला.

ऑपरेशन मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर ठरवलं. आधी दोन बाटल्या रक्त चढवलं. आदल्या दिवशी मॅडमनी सांगितलं, “ओव्हरीज ठेवते आहे मी.” ओव्हरीज म्हणजे अंडाशय, गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढे असतात, हॉर्मोन्स तिथून येतात. मी मान हलवली. मला भूल देण्याची काळजी लागली होती. त्या वाक्याचं महत्त्व तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. पुढचे तीन महिने माझे त्यामुळे वाया गेले असंही म्हणता येईल.

शेजारच्या कॉटवर पद्माक्का होत्या. तेलुगू बोलणाऱ्या, घरात चादरींचे माग. त्यांचं तेच ऑपरेशन माझ्या आदल्या दिवशी झालं होतं. तिसऱ्या दिवशी मॅडम राउंडला आल्या तेव्हा पद्माक्कांनी सगळ्या वॉर्डासमोर विचारलं, “मॅडम, आमचा माणूस इचारतोय, गाडी परत रस्त्यावर कधी?”

मॅडम केसपेपरवर लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “सहा आठवडे गॅरेजमध्ये. मग आधी मला दाखवायचं. मी पास केली तर रस्त्यावर.”

वॉर्डातल्या सगळ्या बायका पोटाच्या टाक्याला उशी दाबून हसल्या. मी भिंतीकडे तोंड केलं. पण सहा आठवडे हा आकडा मी मनात नीट नोंदवून ठेवला. नंतर पद्माक्का मला म्हणाल्या, “काय वो ताई, भिंतीला कान लावलाव काय? इकडं बघून ऐका की. फुकटच हाय.”

यजमान त्या वेळी खाली औषधं आणायला गेले होते. त्यांना सहा आठवड्यांचं कोणी सांगितलं नाही. डिस्चार्जच्या वेळी मॅडमनी ते मलाच सांगितलं, जड उचलायचं नाही याच्या जोडीला. घरी जाताना रिक्षात मी यजमानांना जड उचलायचं नाही एवढंच सांगितलं. दुसरं सांगायला तोंड उघडलं नाही. त्या एका वाक्याचं काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटतं.

आत्यांनी माझी सेवा केली ती मी विसरणार नाही. मे महिन्याचं सोलापूर. दुपारी फरशी पावलाला भाजते. त्या ओलं धोतर खिडकीला बांधायच्या, मला ज्वारीची आंबील द्यायच्या, टाक्याला धक्का न लावता केस विंचरायच्या. एकदा मला बाथरूममध्ये चक्कर आली तेव्हा स्वतःच्या गुडघ्यांचा विचार न करता खाली बसून त्यांनी मला मांडीवर घेतलं. मग आम्हा दोघींना उठता येईना. यजमान गॅरेजमधून येईपर्यंत आम्ही तशाच बसलो होतो. आत्या म्हणाल्या, “आता देवीच उठवील.”

चाळिसाव्या दिवशी त्यांनी मला सकाळी न्हाऊ घातलं, नऊवारी नेसवली, ओटी भरली. सोवळ्याची तांब्याची कळशी माझ्या हातात दिली.

“सुटलीस पोरी. आजपासनं देवीचं तू कर.”

मी रडले. त्यांना वाटलं आनंदाने. खरोखरच त्यात निम्मा आनंद होता. वीस-वीस दिवस ज्या उंबऱ्याबाहेर मी बसले होते, तिथे मला मानाने आत नेत होते. शेजारच्या दोन बायका नमस्काराला आल्या. एक म्हणाली, “नशीबवान हाईस बग. एवढ्या लवकर देवीनं बोलावलं. आमाला म्हातारी व्हावं लागतं.”

संध्याकाळी माझी घोंगडी देवघरात घातली. घोंगडीला विटाळ नसतो म्हणून ती. आत्यांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत आलं नाही. तेही देवघरातच, माझ्या पलीकडे. यजमानांनी माझी उशी स्वतः आणून दिली. उंबऱ्याच्या बाहेरून हात लांब करून दिली, माझ्या बोटांना बोट लागू न देता.

जुलैत मी कामावर रुजू झाले. हिमोग्लोबिन अकरा. जिना चढताना धाप लागत नव्हती. मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, तब्येत एकदम छान.” छान होतीच. मग हे काय होतं ते मला कळेना.

महिन्यातले काही दिवस मला कुठेच टिकता यायचं नाही. छाती जड व्हायची. कोणी काही बोललं की डोळे भरायचे. दाखल्यावर एका मुलीची जन्मतारीख मी दोनदा चुकवली. पूर्वी असं व्हायचं, मग पाळी यायची आणि मन मोकळं व्हायचं. आता सगळं यायचं आणि पाळी यायची नाही. मी उगीच संडासात जाऊन बघून यायचे. दुकानात पॅडच्या पुड्यांसमोर उभी राहायचे. ज्या रक्ताने मला जेरीस आणलं त्याची मला आठवण येत होती. याची लाज वाटायची.

दुसरी गोष्ट लिहायला याहून अवघड आहे. मला इच्छा व्हायला लागली. तीन वर्षांत झाली नव्हती तशी. कळा नव्हत्या, चादरीची भीती नव्हती, अंगात रक्त होतं. यजमान अंगणात दाढी करत असले की मी खिडकीपाशी काहीतरी काम काढायचे. त्यांच्या डिझेलचा वास येणाऱ्या शर्टाची घडी घालताना हात थांबायचे. मग मनात यायचं, पिशवी काढलेल्या बाईला हे होतं का? का मीच काहीतरी विचित्र आहे? देवीच्या पुढ्यात झोपते आणि मनात हे. सकाळी नैवेद्याची भाकरी थापताना मी देवीकडे बघायचं टाळायचे.

पद्माक्कांचा फोन आला. “काय वो ताई, गाडी सुरू झाली का?”

मी त्यांना रीत सांगितली. त्या म्हणाल्या, “देवी पण बाईच हाय की. तिला सांगा, थोडा वेळ तोंड फिरव म्हणून.” मी फोन ठेवला. दुपारभर मधूनच हसू येत होतं.

सहा आठवड्यांची तपासणी मी टाळली होती. ऑगस्टमध्ये गेले. वेटिंग रूममध्ये पुढे एक तरुण मुलगी बसली होती, ती सारखी पाय हलवत होती. थोड्या वेळाने बघते तर माझाही पाय हलत होता.

तपासून झाल्यावर मॅडमनी विचारलं, “संबंध सुरू झाले?”

मी म्हटलं, “नाही. आता ते बंद झालं.”

“कोणी बंद केलं?”

मी म्हटलं, “पाळी गेली ना मॅडम. म्हणजे आता म्हातारपणच.”

त्यांनी पेन घेतलं आणि प्रिस्क्रिप्शनच्या मागे चित्र काढलं. “हे गर्भाशय. हे काढलं. या ओव्हरीज. या तुमच्याकडेच आहेत, व्यवस्थित काम करताहेत. मेनोपॉज म्हणजे ओव्हरीज थांबणं. तुमचा मेनोपॉज झालेला नाही. फक्त रक्त यायची जागा गेली आहे. दर महिन्याला छाती जड होते का? चिडचिड?”

मी मान हलवली. माझे डोळे वाहायला लागले.

“त्याच करताहेत ते.” मग खाली एक रेष काढली. “योनिमार्ग वरच्या बाजूने शिवून बंद केला आहे, त्याला व्हॉल्ट म्हणतात. तो छान भरला आहे. लांबी पुरेशी आहे. सुरुवातीला कोरडं वाटलं तर हे जेल लावा. दुखलं तर थांबा, रक्त दिसलं तर मला फोन करा. बाकी कसलीही मनाई नाही.”

मी विचारलं, “इच्छा होणं बरोबर आहे का?”

“तब्येत सुधारल्यावर भूक लागते तसंच आहे,” त्या म्हणाल्या. “काही बायकांची कमी होते, काहींची वाढते. ओव्हरीज काढाव्या लागल्या तर वेगळे त्रास होतात, त्यावर वेगळे उपाय असतात. तुमचं तुम्ही ठरवा. दुसऱ्यांना ठरवू देऊ नका.”

ते चित्र घेऊन मी घरी आले. आधी यजमानांना दाखवलं, दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळी. आत्या अंघोळीला गेल्या होत्या. यजमानांनी कागद वंगण लागू नये म्हणून कडेने धरला आणि पंपाचा आराखडा बघावा तसा बराच वेळ बघितला.

“गॅरेजात म्हणत होते, पिशवी काढलेल्या बाईजवळ गेलं की आतला टाका तुटतो.”

“तुटत नाही. मॅडमनी बघितलंय.”

“मला वाटलं, तुला आता नको असंल. तू आधीपासनंच…” त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग म्हणाले, “पण देवीचं हाय ते, शालन. आईला काय सांगू मी?”

“तुम्ही नका सांगू. मी सांगते.”

बोलून बसले, पण सांगायला नऊ दिवस गेले. नऊ दिवस मी घरभर फिरत होते. आत्या समोर दिसल्या की दुसऱ्या खोलीत जायचे. ज्या बाईने मला मांडीवर घेतलं, जिचे गुडघे गेले आहेत, तिने सन्मानाने दिलेली कळशी परत कशी करायची? आणि करायची तर कारण काय सांगायचं? नोकरीचं कारण सांगता आलं असतं. कंबरेचं सांगता आलं असतं. मी दोन्ही तयार करून ठेवली होती. पण खोटं सांगितलं असतं तर देवघरातून मी कदाचित सुटले असते आणि नवऱ्याजवळ मात्र चोरासारखीच गेले असते.

दहाव्या दिवशी, रविवारी, आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो. मी म्हटलं, “आत्या, मला देवघरात झोपायचं नाही.”

“का? भ्या वाटतं?”

“नाही.”

“मग? उंदीर हायत का?”

“मला ह्यांच्याजवळ झोपायचंय.”

त्यांच्या हातातली शेंग फुटली. दाणे त्यांनी सुपात टाकले, टरफल बाजूला टाकलं. दुसरी शेंग घेतली. मी मॅडमचं चित्र काढलं आणि समजावत सुटले. ओव्हरी, हॉर्मोन, मेनोपॉज, सगळं. माझा आवाज चढला होता. त्यांनी चित्राकडे बघितलंही नाही.

सुपातले दाणे सारखे करत म्हणाल्या, “मी पंचेचाळिशीची व्हते. सासूनं हितं घातलं. तुजं मामंजी बाहीर बिड्या वडत बसायचं. मला वाटायचं, हाक मारतील. त्यांला वाटायचं, देवीचं हाय.”

“मग?”

“मग काय. ते गेलं.”

शेंगा संपल्या, तशा उठल्या, या वेळी मला हात देऊ दिला नाही. दोन दिवस माझ्याशी बोलणं नव्हतं. नैवेद्याच्या वेळी येऊन उंबऱ्याशी उभ्या राहायच्या, भाकरी फुगली का ते बघायच्या आणि जायच्या. मला वाटलं, आता हे घर माझ्यासाठी कायमचं बिघडलं. कुठून बुद्धी झाली बोलायची.

तिसऱ्या दिवशी त्यांनी यजमानांना सांगितलं, “मला श्रीपूरला सोड. वंदीकडं जाऊन येते पंधरा दिस.” वंदी म्हणजे माझी नणंद, तिचे यजमान तिथल्या साखर कारखान्यात आहेत. मी पिशवी भरायला गेले तर आत्या देवघरात होत्या. त्यांनी देवीचा टाक धुतला, पुसला, लाल कापडात गुंडाळला आणि पितळी डबीत ठेवला. डबी कनवटीला लावली.

“देवी माज्यासंगं येती,” त्या आम्हा दोघांकडे न बघता म्हणाल्या. “तितं वंदीची सासू करील निवद, तिचंबी गेलंय समदं. पंधरा दिस हितं सोवळं न्हाय.”

यजमानांनी मान खाली घातली. त्यांचे कान लाल झाले होते. पंचेचाळीस पार केलेला माणूस. मी देवघराकडे बघितलं. रिकामा पाट होता.

आत्या रागावून गेल्या की आमच्यासाठी गेल्या, हे मला तेव्हा कळलं नाही. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

पहिली वेळ चांगली झाली नाही. तेही सांगायलाच हवं. पुढच्या गुरुवारी, यजमानांच्या सुट्टीच्या दिवशी, मी अर्धी रजा घेऊन दुपारी घरी आले. इतक्या वर्षांच्या नवऱ्यासमोर मी नव्या नवरीपेक्षा घाबरले होते. त्यांचा हात टाक्याच्या वणाजवळ आला की थांबायचा. मी आतून आवळून घेत होते, इच्छा असूनसुद्धा. दुखलं. त्यांनी लगेच सोडलं आणि विचारलं, “तुटलं काय?” मी म्हटलं, “काय तुटतंय?” आणि मला हसू आलं, मग रडू आलं. त्यांनी पंखा वाढवला आणि पाणी आणलं. आम्ही तसेच पडून राहिलो. त्यांनी मला त्या तीन वर्षांबद्दल विचारलं. मी सांगितलं. त्यांनीही सांगितलं, थोडं. त्यांना वाटत राहिलं होतं की मला त्यांची किळस येते.

मॅडमचं जेल दुसऱ्या वेळी आठवलं. घाई केली नाही. दुखलं नाही.

काही बदललं आहे का, असं तुम्ही विचाराल. माझ्यापुरतं सांगते. पूर्वी शेवटी पोटात खोल आवळल्यासारखं व्हायचं, ते आता होत नाही. सुख येतं, पण उथळ वाटतं, लवकर विरतं. कधी कधी मला त्या आवळण्याची आठवण येते. पण आता मी मध्येच दिवस मोजत नाही, चादर बघत नाही. त्या वेळी मी तिथेच असते. हे आधी कधी झालं नव्हतं, चांगल्या वर्षांतसुद्धा.

गणपतीच्या आदल्या दिवशी आत्या परतल्या. डबी उघडून टाक पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं. मी चहा घेऊन गेले आणि उभीच राहिले. पंधरा दिवस मी वाक्य तयार करत होते.

“आत्या, नैवेद्य मी करीन. अंघोळ करून, सोवळ्यात, रोज. पण झोपेन माझ्या खोलीत. चालेल का?”

“देवीला इचार.”

“देवी काय बोलणार?”

“मग मला कशाला इचारतीस?” त्यांनी बशीत चहा ओतला. “वंदीच्या हितं मी पलंगावर झोपले पंधरा दिस. तिनं खाली झोपूच दिलं न्हाय. गुडगं लई बरं हायत.”

आता नैवेद्याचं असं चाललं आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी आत्या करतात, उंच स्टुलावर बसून. यजमानांनी त्यांच्यासाठी कट्टा बांधून घेतला आहे. बाकीचे दिवस मी. गावाकडून कोणी आलं की कुजबुज होते. एका चुलत सासूने मला तोंडावर विचारलं, “पिशवी काढली तरी तुझं अजून चालूच हाय व्हय?” आत्या आतून म्हणाल्या, “चालू हाय. तुला काय व्हतंय?”

माझं मन पूर्ण स्थिर झालं आहे असं मी म्हणणार नाही. दर महिन्याचे ते चार-पाच दिवस येतात. त्या दिवसांत मी घरभर फिरते आणि सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून कोणी अडवत नाही. रीत मोडली याची टोचणीही आहे. पण ज्यांचे आभार मानायचे त्यांची यादी मोठी आहे. चित्र काढणाऱ्या डॉक्टर मॅडम. मला भिंतीकडून वळवणाऱ्या पद्माक्का. कागद वंगणापासून जपून धरणारे माझे यजमान. बायांनो, तुमच्यावर ही वेळ आली तर ऑपरेशनच्या आधी विचारा, ओव्हरीज ठेवणार की काढणार. किती आठवडे थांबायचं ते दोघांनी मिळून ऐका, एकटीने नाही. आणि घरातलं कोणी तुमच्या वतीने काही ठरवत असेल, अगदी प्रेमाने, मानाने, तरी एकदा तोंड उघडा.

आणि सगळ्यात मोठे आभार आत्यांचे. परत आल्या त्या दिवशी त्यांनी स्वतःचं अंथरूण बाहेरच्या खोलीत आणलं, खिडकीखाली, जिथे मामंजी बसायचे. कारण विचारलं तर म्हणाल्या, देवघराची फरशी गार लागते. देवघरात आता कोणीच झोपत नाही. देवी एकटी असते. तिची काही तक्रार अजून आमच्यापर्यंत आलेली नाही.